पन्हळीवरचं जनावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवण-देवगडच्या बाजूला शोभेल अशा एका काल्पनिक किनाऱ्यावर तुम्ही कॅम्पेन, म्हणजे फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची बरीच सेशन चालणारी गोष्ट, चालवताय. जलदुर्गाच्या तटावर गारगॉयल, म्हणजे पुतळ्यासारखी बसून अचानक जिवंत होणारी दगडी पंखवाली श्वापदं, बसवलेत. दुसऱ्याच सेशनला एका मुलीने विचारलं, "हे खातात काय? आणि ह्यांची पिल्लं कुठे असतात?" तुम्ही "जादूचे आहेत ते" म्हणून वेळ मारून नेलीत आणि आता ते उत्तर तुम्हालाच खुपतंय. जीवशास्त्राचा धडा नको, पण टेबलवर पटेल असं काहीतरी हवंय.

खुपायलाच हवं. त्या मुलीला पुढच्या सेशनला चहा तुमच्याकडून. मी वीसेक वर्षं रत्नागिरीत टेबल चालवतोय आणि माझी सगळ्यात चांगली जनावरं अशाच कुणाच्या तरी खोचक प्रश्नातून आलीत.

गोची नियमपुस्तकापासूनच सुरू होते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली आला तेव्हापासून गारगॉयल त्यात आहे, आणि पाचव्या आवृत्तीत त्याला हवा, अन्न, पाणी, झोप यातलं काहीच लागत नाही. 52 हिट पॉइंट (किती मार सोसतो), 15 आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड), हलला नाही तर पुतळ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. लढाईपुरतं हे झकास आहे. पण ज्याला भूक नाही त्याला पत्ता नसतो, हंगाम नसतो, वैरी नसतो. तो जिथे ठेवाल तिथे बसतो आणि मारलात की संपतो. म्हणून पहिलं काम म्हणजे ती ओळ खोडा. तुमच्या जगात त्याला काहीतरी लागतंच.

काय लागतं? मी उत्तर नावातच शोधलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घसा. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर सांध्यातला चुना धुपतो, म्हणून ते दूर फेकायला दगडी पन्हळ काढायची आणि तिच्या टोकाला तोंड वासलेलं श्वापद कोरायचं. ज्याच्या घशातून पाणी वाहतं तोच खरा गारगॉयल. पॅरिसच्या नोत्र दामवरची ती हनुवटीला हात लावून बसलेली प्रसिद्ध ध्यानं तर पन्हळी नाहीतच, एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात हौसेने बसवलेली आहेत. आपल्याकडे पाहायचे असतील तर मुंबईला गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका, मान वर करा. 1888 साली पूर्ण झालेल्या त्या स्टेशनवर, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, दगडी श्वापदांची जत्रा आहे. आणि हे सगळं परकं वाटत असेल तर कुठल्याही जुन्या शिवालयाला प्रदक्षिणा घाला. गाभाऱ्याच्या उत्तर अंगाला अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख किंवा गोमुख असतं. म्हणजे दगडाच्या तोंडातून पाणी, ही कल्पना आपल्या अंगणातलीच.

तर माझं जनावर पाण्याचं आहे. "दिवसा दगड, रात्री जिवंत" हा नियम मी फेकून दिला आणि "कोरडा असेल तर दगड, ओला असेल तर जिवंत" हा घेतला. एवढ्या एका बदलाने पुढचं बरंचसं आपोआप सुटलं, कारण कोकणाचं वर्षच असं दोन तुकड्यांत कापलेलं आहे. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पाय ठेववत नाही. आठ महिने निपचित आणि चार महिने धुमाकूळ, हे वेळापत्रक इथल्या बेडकांचं आहे, खेकड्यांचं आहे, खरं तर शेतकऱ्याचंही आहे. गारगॉयलचं का नसावं?

अंगाचा दगड कसा होतो हे मला एका चिरेखाणीत कळलं. घराच्या कामासाठी चिरे आणायला कुडाळच्या बाजूला गेलो होतो. तिथला कामगार एक चिरा तासत होता, लोण्यासारखा नाही म्हणणार, पण जुन्या साबणासारखा. मी विचारलं, एवढा मऊ चिरा भिंतीत टिकतो का? तो म्हणाला, "ओलो आसा तवसर चिरो, सुकलो काय लोखांड." जांभा, म्हणजे हाच लाल चिऱ्याचा दगड, खाणीत ओला असतो तेव्हा हत्याराने कापता येतो. हवा-ऊन लागलं की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि तोच दगड शेकडो वर्षं तट धरून उभा राहतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली मलबारातल्या अशा दगडाचं वर्णन करताना त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिलं, कारण लोक तो विटांसारखा कापून घेत होते.

तेव्हा माझ्या गारगॉयलची कातडी म्हणजे जिवंत जांभा. पावसात ओली, लवचीक, लाल-तपकिरी. ऑक्टोबरचं ऊन लागलं की आठवड्याभरात कडक. खरा चिरा एकदा कडक झाला की परत मऊ होत नाही, हे मला माहीत आहे. ती माझी थाप. प्रत्येक जनावरामागे एक थाप मारायची मुभा मी स्वतःला देतो, दुसरी नाही. बाकी सगळं त्या एका थापेतून निघालं पाहिजे. तुम्हीही हा नियम पाळलात तर खेळाडू जनावराबद्दल अंदाज बांधू शकतात, आणि अंदाज बरोबर आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही खजिन्यापेक्षा भारी असतं.

कुणी म्हणेल, जिवंत अंगात लोखंड कुठून आलं. तेही ऐका. कातळाला चिकटून बसणारे जे टोपीसारखे शिंपले असतात, त्यांचे दात गोथाइट या लोहखनिजाचे असतात, आणि गोथाइट जांभ्यातही असतं. त्यांच्या भाऊबंदातल्या कायटनचे दात तर मॅग्नेटाइटचे, चुंबकाला ओढले जाणारे. हिंदी महासागराच्या तळाशी उकळत्या झऱ्यांजवळ 2001 साली एक गोगलगाय सापडली, तिच्या पायावर लोह-गंधकाचे खवले असतात. निसर्गाने आधीच एवढं करून ठेवलंय की आपल्याला फार खोटं बोलावं लागत नाही. आणि उन्हाळा काढायचा कसा हे गोगलगायीलाच विचारा. कोरड्या महिन्यांत ती शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरून आत पडून राहते. माझा गारगॉयल तेच करतो, फक्त त्याचा पापुद्रा सगळ्या अंगभर असतो.

आता वजन. नियमपुस्तकातला गारगॉयल उडतो, तेही झोकात. पण बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. माणसाएवढा भरीव दगडी प्राणी 200 किलोच्या घरात जाईल. आजचे उडणारे सर्वांत जड पक्षी 20 किलोच्या आसपास थांबतात. म्हणून माझा गारगॉयल आतून भरीव नाही आणि माणसाएवढाही नाही. मोठ्या कुत्र्याएवढा, पोकळ हाडांचा, वर कवच, आणि तो उडत नाही. तरंगत खाली येतो, उडत्या खारीसारखा, उंचावरून तिरका. पुन्हा वर जायचं तर नख्यांनी भिंत चढून. यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक, त्याला उंची लागते, म्हणून तो शिखरावर आणि बुरुजावर बसतो. दोन, एकदा जमिनीवर उतरला की काही वेळ तो अडचणीत असतो, आणि खेळाडूंना ती संधी असते. तुम्हाला उडणाराच हवा असेल तर खुशाल उडवा, पण मग ती तुमची दुसरी थाप झाली.

इमारती नव्हत्या तेव्हा तो कुठे राहायचा, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि खरा मसाला तिथेच आहे. पारवा मुळात कड्याकपारीतला पक्षी. आपण कडे बांधले, तो राहायला आला. गारगॉयलचंही तसंच. त्याचं मूळ घर समुद्रावर कललेले जांभ्याचे कडे आणि वरचा सडा. मग कुणीतरी चुन्यात चिरे बांधून त्याहून उंच, त्याहून सरळ कडा उभा केला, आणि त्या कड्याला चवही होती.

चव चुन्याची. कोकणात शिंपल्या भाजून चुना करायची जुनी रीत आहे. शंखाला चुना मिळावा म्हणून गोगलगायी भिंती खरवडतात, हे पावसाळ्यात कुणीही बघू शकतं. गारगॉयलला कवच धरायला तोच चुना लागतो. सप्टेंबर संपत आला की तो सांधे चाटायला लागतो. एक गारगॉयल एका हंगामात वीतभर सांधा पोकळ करतो, असं मी ठरवलं. हा आकडा माझा, तुम्ही तुमचा घ्या, पण घ्या जरूर, कारण गवंड्याला तो माहीत असणार आणि खेळाडू गवंड्याशी बोलणार. मांस-मच्छी त्याला लागते ती वेगळी. पहिल्या पावसात ओहोळाला पाणी येतं आणि मासे उलटे चढतात, ती वलगण. गावातली माणसं कंदील घेऊन मासे धरायला उतरतात, त्याच रात्री आठ महिन्यांचे उपाशी गारगॉयल त्याच ओहोळाला उतरतात. माझ्या कॅम्पेनमधली माणसं मेली ती बहुतेक याच एका रात्री, आणि मारायचं म्हणून कुणी मारलं नाही. अंधार, एकच डोह, दोघांनाही तोच मासा हवा.

मग माणसं त्याला हाकलत का नाहीत? तर ते वासलेलं तोंड. तोंड मिटून सुकलेला गारगॉयल पहिल्या सरीचं पाणी पिऊ शकत नाही, म्हणजे तो मेलाच. म्हणून सगळे जिवंत गारगॉयल तोंड उघडं ठेवून, मान पुढे काढून सुकतात. तुम्ही पुतळ्यांवर बघता तो विद्रूप आविर्भाव म्हणजे तहान. पहिले काही दिवस तो पितो आणि ओकतो, पितो आणि ओकतो, आठ महिन्यांचा साका धुऊन काढतो. ते पाणी गढूळ लाल असतं आणि भिंतीपासून हातभर लांब पडतं. छपरावरचं पाणी त्याच्याकडे वळवलं तर तो तेही लांब फेकतो. हे कुठल्यातरी जुन्या गवंड्याच्या लक्षात आलं असणार. तेव्हापासून सौदा ठरला. तू वीतभर चुना खा, आम्ही डागडुजी करू, पण पाणी भिंतीला लागू देऊ नकोस.

या सौद्यात एक अडचण होती आणि ती मला फार उशिरा दिसली. कोकणातली घरं उतरत्या कौलांची. पाणी पागोळ्यांनी अंगणात पडतं, पन्हळीच्या जनावराला तिथे कामच नाही. म्हणजे गारगॉयल वाडीत घरांवर बसणार नाही. तो सपाट दगडी माथ्यांवर बसेल, बुरुजांवर, घाटाखालच्या जुन्या दगडी देवळांवर, पोर्तुगीज पडक्या चर्चवर. नकाशावर जागा ठरवायचं काम एका झटक्यात संपलं.

दुष्काळी वर्षी काय होतं, हे सांगायला मला सगळ्यात मजा येते. चुना मिळाला नाही, पाऊस पुरला नाही, तर गारगॉयल स्वतःचंच कवच विरघळवून जगतो, शेपटीकडून सुरुवात करून वर. शेपूट जाते, मागचे पाय जातात, धड जातं. शेवटी भिंतीला चिकटलेलं नुसतं डोकं उरतं, तेही तोंड वासलेलं. कीर्तिमुखाची पुराणकथा तुम्हाला ठाऊक असेल. शिवाने निर्माण केलेला तो भुकेला जीव, त्याच्याच आज्ञेने स्वतःला खात गेला आणि फक्त मुख उरलं. देवळांच्या चौकटींवर आणि तोरणांवर ते मुख आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या जगात ती कथा सांगणारा एक म्हातारा आहे, आणि ती त्याला खोटी वाटत नाही, कारण त्याच्या आजोबांनी तसं डोकं प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. दुष्काळ किती पडले हे मोजायचं तर देवळाच्या भिंतीवरची डोकी मोजा. इतिहासाचं व्याख्यान न देता इतिहास सांगायची याहून सोपी युक्ती माझ्याकडे नाही.

पिल्लांचं. जांभा भोकाभोकांचा असतो. मादी हस्ताच्या पावसात, म्हणजे हंगाम संपता संपता, सड्यावरच्या भोकांत अंडी ठेवते आणि लाळ-मातीने तोंड लिंपते. आठ महिने ती दगडातच. पहिल्या मृगात फुटतात. पिल्लू बोटाएवढं, लाल, बुळबुळीत, कवच नाही, पंखांच्या जागी नुसती कातडीची झालर. देवगांडूळ कधी दगडाखाली पाहिलंत तर अंदाज येईल. चार महिन्यांत त्याला कवच धरायला पुरेल एवढं खायचं असतं, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात ते सुकून चुरा होतं. घोरपडी, घारी, समुद्रगरुड, सगळे टपलेले. शंभरातलं एखादं जगतं. पण बघा, याचा अर्थ चिरेखाणीत दर उन्हाळ्यात अंडी कापली जातात. करवतीने चिरा फाडला, आत लाल डोळा. खाणमालक गप्प बसवतो, कामगार गावात सांगतो. तुमच्या टेबलवरच्या त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि त्यात लढाईविना आख्खं एक सेशन आहे.

बाकीच्या जातींवर फार वेळ घालवू नका. मी दोनच ठेवल्यात. घाटाच्या पायथ्याला काळवथरी, काळ्या दगडाचा, संथ, जुनाट, दोन-दोन वर्षं हलत नाही. आणि जलदुर्गावरचा. तुमचा तोच आहे, म्हणून त्याचं थोडं अधिक.

समुद्रात पाणीच पाणी, मग किल्ल्यावरचे गारगॉयल कायम जागे का नसतात? कारण पाणी खारं आहे. मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं, गोगलगायीवर मीठ टाकल्यावर काय होतं ते आठवा. खाऱ्या पाण्याने गारगॉयल जागा होत नाही, उलट आखडतो. गोड्या पाण्याने उठतो. समुद्राकडच्या तटावर लाटा फुटत असतात आणि तो ढिम्म. आतल्या बाजूला मात्र गोष्ट वेगळी. सिंधुदुर्ग किल्ला 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधला गेला, आणि चहूकडे समुद्र असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तुमच्या काल्पनिक किल्ल्यातही अशी एक विहीर असणारच, नाहीतर शिबंदी जगली कशी? तर उन्हाळ्यातसुद्धा जागा राहणारा एखादा गारगॉयल त्या विहिरीच्या आत, काठाखाली चिकटलेला असेल. पोहरा सोडणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसेल.

हे गोडं-खारं प्रकरण टेबलवर किती कामाला येतं याचा एक किस्सा. चैत्रात माझ्या खेळाडूंनी पडक्या देवळावरचे सहा सुकलेले गारगॉयल मूर्ती म्हणून उतरवले आणि खाडीपलीकडच्या व्यापाऱ्याला विकायला गलबतात भरले. पेंढ्यात नीट बांधून. भावाची घासाघीस करण्यात दोन सेशन गेली, तेवढ्यात वैशाख उजाडला. मधल्या खाडीत वळीव आला. तांडेल म्हणाला, "मूर्तीने मान फिरवली." टेबलवर शांतता. एकाने शीड ओढून झाकायचा प्रयत्न केला, फाटलं. मग एका मुलीने विचारलं, "आत्ता भरती आहे की ओहोटी?" मला क्षणभर कळेना. तिला खाडीचं पाणी खारट आहे की मचूळ ते हवं होतं. भरती होती. तिने बादल्या भरभरून खारं पाणी ओतायला लावलं, वरून पाऊस, खालून समुद्र, आणि किनारा येईपर्यंत ते सहाही जण अर्धे जागे, अर्धे आखडलेले, दात विचकत बसून राहिले. एकही फासा टाकला नाही. तो नियम मी कुठे लिहून दिला नव्हता. आधीच्या सेशनमधल्या एका विहिरीच्या प्रसंगावरून तिने ताडला होता.

आणि माझी चूक. पहिल्यांदा मी या जनावरावर 14 पानं लिहिली, वंशावळीसकट. खेळाडूंना त्यातली एक ओळही दिसली नाही, कारण त्यांना ती दिसायला वाटच नव्हती. आता मी एकच चाळणी लावतो, ही गोष्ट भिंतीवर, जमिनीवर किंवा कुणाच्या बोलण्यात कशी दिसेल? दिसत नसेल तर कापा. माझा आवडता पुरावा दगडफुलाचा. हो, गोड्या मसाल्यातलं. दगडावर ते सावकाश वाढतं आणि हलत्या जागी धरत नाही. खऱ्या मूर्तीवर ते सगळीकडे असतं. गारगॉयलच्या पाठीवर असतं, पण कोपरांच्या आणि मानेच्या घडीत नसतं. एवढं एकदा दाखवा, पुढच्या प्रत्येक देवळात खेळाडू मूर्तींचे कोपर तपासत फिरतील. त्याखालोखाल म्हणजे तोंडाखालचा लाल ओघळ, पोखरलेले सांधे, आणि ज्या भिंतीवर एकही पारवा बसत नाही ती भिंत. मॅग्नेटाइटवरून मी होकायंत्रही भरकटवलंय. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, ते ऐकून सुचलं.

इथे एक सबुरीचा शब्द. कोकणात राखणदार आहे, वेतोबा आहे, गावोगाव कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. मोह होणारच. एकदा मी एका जागत्या देवस्थानाचा राखणदार नाव तेवढं बदलून स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे जनावराच्या आकड्यांच्या चौकटीत, बसवला. टेबलवर त्याच गावचा एक मुलगा होता. तो काही बोलला नाही, पुढच्या आठवड्यापासून यायचा बंद झाला. देवाला हिट पॉइंट देऊ नका. रीत घेतलीत तर तिचं कारण तुमचं स्वतःचं शोधा. आचऱ्याच्या गावपळणीत दर काही वर्षांनी सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतं. माझ्या जगातही एक गाव मृगाच्या तोंडावर रिकामं होतं, सड्यावरची अंडी फुटताना पायाखाली पिल्लू येऊ नये म्हणून. ते माझ्या गावाचं कारण. आचऱ्याचं आचरेकरांना माहीत.

यादृच्छिक एनकाउंटरचं टेबल, म्हणजे फासा टाकून कुणाशी गाठ पडते ते ठरवायचा तक्ता, फाडून टाका, नक्षत्रं वापरा. मृगात ते तहानलेले आणि चिडके. आर्द्रात शिकार. पुनर्वसू-पुष्य, तरणा आणि म्हातारा पाऊस, या काळात जागेवरून भांडणं, रात्रभर छपरावर दगड घासल्याचा आवाज. मघा-पूर्वात सुस्त, पोट भरलेलं, खेळाडू हाताच्या अंतरावरून जाऊ शकतात. उत्तरेत चुना चाटणं सुरू, हस्तात अंडी. मग आठ महिने काही नाही, फक्त धुक्याच्या पहाटे एखादी पापणी. पंचांग खेळाडूंच्या हातात द्या. लपवण्यात काही मजा नाही, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतं.

तुमचं कॅम्पेन सध्या कुठल्या महिन्यात आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तटावरचे गारगॉयल हलताना एकदा दाखवून झालेत म्हणजे पावसाळा धरावा लागेल, किंवा कुणीतरी त्यांच्यावर विहिरीचं पाणी ओततंय. मी असतो तर दुसरं घेतलं असतं. वैशाख, विहीर तळाला, शिबंदीला दिवसाला तांब्याभर पाणी, आणि तरी रोज सकाळी पश्चिमेच्या बुरुजाखाली लाल ओघळ ताजा. पाणी कोण चोरतंय इथून सुरुवात करा. त्या मुलीला पोहरा ओढायला लावा. आणि आभाळ भरून आलंय का, हे टेबलवरचं कुणी विचारेपर्यंत सांगू नका.